साहेबाची सासू

"ताई, आहात का हो? जरा इकडे या."

कुंपणापलीकडून अशी हाक आली की समजावं, प्रकरण मोठं आहे. किरकोळ बातमी असली तर आमच्या वहिनी हाक-बिक मारत नाहीत. झाडांना पाणी घालता घालता पाइप हळूच माझ्या जास्वंदीकडे वळवतात आणि मी ओरडले की बोलायला सुरुवात करतात. दोन घरांच्या मध्ये मेंदीचं कुंपण आहे, चांगलं पुरुषभर उंच, पण एका जागी ते खांद्याएवढंच राहिलंय. आमच्या ह्यांचं म्हणणं, तिथं इतकं बोललं जातं की मेंदीला वाढायला उसंतच मिळत नाही.

गेले तर वहिनींच्या हातात कोथिंबिरीची जुडी, आणि निवडण्यात काही लक्ष नाही. पानं खाली, देठ ताटलीत.

"सूनबाईनं राजीनामा लिहून ठेवलाय. मोबाईलमध्ये. पाठवला नाही अजून, पण काल रात्री मला दाखवला. इंग्रजीत आहे, तरी 'रिझाइन' एवढं मला कळतं."

"साहेब?"

"दुसरं कोण असणार!"

वहिनींची सून एका खासगी बँकेत आहे. बँकेचं नाव कशाला घ्या. पाटी बदलली तरी आतलं चित्र बदलेल असं मला वाटत नाही. मी विचारलं, नेमकं झालं काय, तर वहिनी म्हणाल्या, काय झालं नाही ते विचारा.

सकाळी साडेनऊला, शटर अर्धंच वर असताना, साहेब सगळ्यांना उभं करून विचारतो, "आज काय देणार?" देणार म्हणजे धंदा. अमुक पॉलिस्या, तमुक एफडी, दोन क्रेडिट कार्डं, चार नवी खाती. आकडा कबूल केल्याशिवाय खुर्चीत बसायचं नाही. बाराला पुन्हा विचारणा, चारला पुन्हा, संध्याकाळी सातला हिशेब. रात्री अकराच्या सुमाराला व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर यादी पडते. ज्याच्या नावापुढे शून्य, त्याचं नाव लाल. सूनबाई लेकाला थोपटत असते, फोनचा उजेड पडतो आणि पोर टक्क जागं होतं. वहिनींचा खरा राग त्या उजेडावर आहे, कारण मग पोराला घेऊन अंगणात त्याच फिरतात.

"आणि मार्चमधलं तुम्हाला सांगितलंच नाही!"

मार्चअखेरीला एक निवृत्त गुरुजी एफडी करायला आले होते. साहेब म्हणाला, यांना पॉलिसी द्या. एफडी करायला आलेले गुरुजी पॉलिसी घेऊन घरी गेले. मग त्यांचा मुलगा पुण्याहून आला, त्यानं कागद वाचले आणि पॉलिसी परत केली. कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत आयुर्विम्याची पॉलिसी परत करता येते. बँकवाले त्याला 'फ्री-लूक' म्हणतात आणि गिऱ्हाइकाला ते जरा हळू आवाजात सांगतात. पैसे परत गेले. मार्चमध्ये चढलेला आकडा एप्रिलमध्ये उतरला. साहेबानं भर हॉलमध्ये, टोकन घेऊन बसलेल्या लोकांदेखत सूनबाईला सुनावलं, "एक गिऱ्हाईक सांभाळता येत नसेल तर घरी बसून पोळ्या लाटा."

"असं म्हणाला?"

"असंच. आणि घरी पोळ्या मी लाटते हो! तिला वेळ कुठे असतो?"

मी जरा पुढे वाकले आणि आवाज खाली आणून विचारलं, तसलं काही नाही ना? असेल तर लपवू नका. २०१३चा कायदा आहे. जिथं दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं तक्रार समिती असावीच लागते, आणि घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावं लागतं. वहिनींनी मान हलवली. तसलं नाही, सूनबाईला मीही आधी तेच विचारलं. नुसता तिरसटपणा. म्हटलं, मग पंचाईत आहे. नुसत्या तिरसट साहेबासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"आमच्याकडचे वेगळंच म्हणतात," वहिनी म्हणाल्या. आमच्याकडचे म्हणजे भाऊजी. "म्हणे, तोंडावर फेकावा राजीनामा. रामशास्त्री प्रभुणे आपल्या माहुलीचे, आणि आपण एका शाखाधिकाऱ्याला घाबरायचं?"

भाऊजी सकाळी फिरायला जाऊन येतात ते इतिहास घेऊनच. पण मला रामशास्त्र्यांचं नाव आलेलं आवडलं, कारण साहेबाशी कसं वागावं याचा धडा त्या गोष्टीत खरंच आहे, फक्त भाऊजी घेतात तो नव्हे. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला. राघोबादादा गादीवर. शास्त्रीबुवांनी त्यांना समोर उभं राहून सांगितलं की या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही, आणि मग पुणं सोडून वाईजवळ पांडववाडीला निघून गेले. लोकांना निघून गेलेलं लक्षात राहतं. आधी काय सांगून गेले, ते कुणी बघत नाही. का चाललोय ते अख्ख्या पुण्याला ठाऊक होतं. आणि बारभाईंच्या हाती कारभार आल्यावर शास्त्रीबुवा परतही आले, तेही मानानं.

"शिवाय वहिनी, त्यांच्या डोक्यावर घराचा हप्ता नव्हता."

"आमच्या डोक्यावर आहे. अजून अकरा वर्षं."

"सूनबाईला नोकरीला किती झाली?"

"ऑगस्टमध्ये पाच होतील."

मी कपाळावर हात मारला. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार या हिशेबानं. आणि ही एप्रिलमध्ये रागाच्या भरात राजीनामा टाइप करून बसलीय! साहेबाला त्याचा काय तोटा? त्याला उलट एक लाल नाव कमी. म्हटलं, तिला सांगा, राग असू दे, पण रागाला कॅलेंडर बघायला शिकव. नोटिशीचे महिने किती आहेत ते नेमणूकपत्रात बघ, अनुभवाचं पत्र आणि कार्यमुक्तीचं पत्र कसं मिळतं ते आधी गेलेल्यांना विचार, दुसरीकडचं पत्र हातात घे, आणि मग काय फेकायचं ते फेक.

इथं कुकरची शिट्टी झाली आणि वहिनी आत गेल्या. मला तेवढ्यात माझे साहेब आठवले.

मी एका सरकारी कचेरीत होते, जिल्ह्याच्या ठिकाणी. आयुष्याचा मोठा भाग आवक-जावकच्या टेबलावर गेला. त्या टेबलाची गंमत अशी की तुम्ही कुणी नसता, पण प्रत्येक कागद तुमच्या हातून जातो. साहेब येत आणि जात. पुढं २००५चा बदल्यांचा कायदा आला, तीन वर्षं हा साधारण मुक्काम ठरला, आणि वाईट साहेब आला की कचेरीतले लोक एप्रिल-मे मोजायला लागले.

"साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये" असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्यानं काढली त्याला फक्त लाथ मारणारे साहेब भेटले असावेत. माझ्या वाट्याला एक तसे आले होते. फाईल आवडली नाही तर व्हरांड्यात फेकायचे. लाल फितीसकट कागद पसरायचे, शिपाई मुकाट्यानं गोळा करायचा, आणि आम्ही सगळे आपापल्या रजिस्टरात डोकं घालायचो. पण तो शिपाईच आम्हाला सांगायचा, आत्ता जाऊ नका, साखरेची गोळी घेतलेली नाही. आता जा, चहा झालाय. साहेबाचं पंचांग शिपायाकडे असतं, हे नव्या पोरापोरींना कुणी शिकवत नाही. आणि एकदा आमच्या शाखेतल्या चुकीवरून वर तक्रार गेली तेव्हा याच फाईलफेक्या साहेबांनी सरळ लिहून दिलं, सही माझी आहे, जबाबदारी माझी आहे. ज्या पोराची चूक होती तो रडायचाच बाकी होता. त्या साहेबांची बदली झाली तेव्हा निरोप समारंभाला वर्गणी मागावी लागली नाही.

दुसरे गोड होते. "मॅडम, तुम्ही मला बहिणीसारख्या." स्वतः उठून खुर्ची पुढे करायचे. एका दुपारी बोलावलं आणि एक पत्र पुढे सरकवलं. म्हणाले, हे मागच्या सोमवारच्या तारखेला आवक दाखवायचं आहे, बसवून टाका कुठंतरी.

आवकच्या रजिस्टरात 'कुठंतरी' अशी जागा नसते. १४१२ नंतर १४१३ असतं. पानं छापील क्रमांकाची. मध्ये घालायचं तर १४१२-अ करावं लागतं, आणि ते '-अ' कुठलाही तपासणीवाला चष्मा न लावता हुडकून काढतो. तेव्हा विचारणा साहेबांना होत नाही, अक्षर ज्याचं त्याला होते. अक्षर माझं होतं.

मी "हो साहेब" म्हणून बाहेर आले. टेबलावर बसले आणि चार ओळींची टिपणी लिहिली. 'मा. साहेबांनी आज दिलेल्या तोंडी आदेशानुसार सोबतचे पत्र मागील सोमवारच्या दिनांकास आवक नोंदवावयाचे आहे. आदेशार्थ सादर.' खाली सही, तारीख, आणि फाईल आत. यात माझी काही हुशारी नव्हती. आमच्या १९७९च्या वर्तणूक नियमांतच आहे की वरिष्ठाच्या सांगण्यावरून काही करायचं तर तो आदेश शक्य तिथं लेखी घ्यावा. आमच्या जुन्या हेडक्लार्कनी पहिल्याच वर्षी ते पान उघडून माझ्यापुढं ठेवलं होतं.

फाईल आत राहिली. बरेच दिवस राहिली. बाहेर आली तेव्हा समासात हिरव्या शाईनं दोनच शब्द होते: 'चर्चा करावी.' सरकारी नोकरी केलेल्यांना हे शब्द सांगावे लागत नाहीत. चर्चा झाली नाही, पत्राचं पुन्हा नाव निघालं नाही आणि मी '-अ' काढला नाही.

कुकर उतरवून वहिनी परत आल्या, तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी लगेच टाळी मागितली. म्हटलं, थांबा, एवढ्यात टाळी नको. पुढचं ऐका.

त्या वर्षी माझ्या गोपनीय अहवालात 'ब' पडला. आधी 'ब+' असायचा. 'ब' म्हणजे 'चांगला'. वाईट काही लिहिलं नव्हतं, त्यामुळे मला कळवण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा फक्त प्रतिकूल शेरे कळवायचे. पदोन्नतीच्या यादीत माझ्या मागचं नाव पुढं गेलं, तेव्हा कुठं आस्थापनेतल्या मैत्रिणीनं कानात सांगितलं की तुला 'चांगलं' म्हणून ठेवलंय.

"चांगलं म्हणून मारायचं?" वहिनींचा विश्वास बसेना.

माझाही बसला नव्हता. पण २००८ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा कळलं की देशभर असंच चाललं होतं. देव दत्त नावाचे सीमा रस्त्यांच्या सेवेतले एक इंजिनिअर होते. बढतीला पाच वर्षं 'फार चांगला' हा शेरा लागत होता, त्यांना एका वर्षी नुसता 'चांगला' मिळाला आणि तेवढ्यावर ते अडले. न्यायालय म्हणालं, शेरा कुठलाही असो, वाईट असो की बरा, ज्याच्याबद्दल लिहिलाय त्याला तो कळवलाच पाहिजे. निकालाच्या बातमीचं कात्रण मी अजून ठेवलंय. माझं नुकसान भरून आलं नाही, पण माझ्यानंतर त्या टेबलावर बसलेल्या पोरीला तिचा शेरा बघायला मिळतो.

तेव्हा माझं मत विचाराल तर तोंडाचा साहेब परवडला, लेखणीचा नको. ओरडा संध्याकाळपर्यंत विरतो. सून घरी येऊन रडेल, सासूला सांगेल, जेवेल. कागदावरचं मात्र पगाराला, बढतीला आणि पुढच्या नोकरीला चिकटून बसतं. म्हणून मी वहिनींना विचारलं, हा तुमचा शाखाधिकारी नुसता ओरडतो की आणखी काही करतो?

वहिनींना ठाऊक नव्हतं. त्यांनी सूनबाईलाच हाक मारली. ती केस वर बांधत आली, बँकेच्याच कपड्यांत. मी विचारलं, ओरडणं बाजूला ठेव. तो तुला असं काही करायला सांगतो का, जे तू कागदावर कधी लिहिणार नाहीस?

ती गप्प झाली. मग म्हणाली, "काकू, गृहकर्ज घेणाऱ्याला सांगायचं की आपलीच विम्याची पॉलिसी घेतल्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही. खरं तर अशी सक्ती करता येत नाही. सर म्हणतात, सक्ती म्हणू नका, प्रोसेस म्हणा."

"हे मेलवर आहे? ग्रुपवर?"

"नाही. सकाळी उभं करतात तेव्हा सांगतात. ग्रुपवर फक्त आकडे."

हेच ते. उद्या कुणी गिऱ्हाईक लेखी तक्रार घेऊन वर गेलं की अर्जावर एम्प्लॉयी कोड कुणाचा? हिचा. साहेब म्हणणार, मी असं सांगितलंच नव्हतं, आणि ते सिद्ध करायला हिच्याकडे काय आहे? पोळ्या लाटा म्हणाला त्यानं अपमान झाला, तो मोठाच. पण नोकरी जाईल ती या 'प्रोसेस'नं. सूनबाईचा राजीनामा पहिल्या गोष्टीवरून होता, दुसरी तिच्या यादीतच नव्हती.

म्हटलं, उद्या सकाळची उभी मीटिंग संपली की जागेवर बसून मेल लिही. लांब नको, तक्रार नको, 'दुःख झाले' नको. सर, आज सकाळी आपण सांगितल्याप्रमाणे गृहकर्जाच्या प्रत्येक ग्राहकाला विमा आवश्यक असल्याचे सांगायचे आहे, हे मी बरोबर समजले ना, कृपया खात्री करावी. बस. आणि घरी एक साधी वही घाल. तारीख, वेळ, काय म्हणाला, कोण कोण समोर होतं. पोळ्यांचं वाक्यसुद्धा लिही, टोकनवाल्यांसकट.

वहिनींना हे मिळमिळीत वाटलं. त्यांनी मोबाईल काढला. २०२३ साली एका बँकेच्या कोलकात्याच्या साहेबाचा ऑनलाइन मीटिंगमधला आरडाओरडा देशभर फिरला होता, बँकेनं त्याला निलंबित केलं, तसं करू या की! मी म्हटलं, निलंबित झाला हे खरं. पण तो व्हिडिओ हजारो लोकांनी बघितला, त्यात ओरडून घेणारे चेहरेही होते. आपल्या सूनबाईचा चेहरा भाजीवाल्याच्या मोबाईलवर चालेल का? सूनबाई म्हणाली, नाही चालणार. आणि चमच्यांचं तर विचारूच नका. ऑफिसात जेवणाच्या डब्यावर साहेबाबद्दल जे बोलाल ते साहेबाच्या केबिनमध्ये चहाच्या आधी पोचतं. बोलायचं तर इथं या, कुंपणाशी. मेंदीला कान असले तरी तोंड नाही.

"ताई, एक सांगू?" सूनबाई आत गेल्यावर वहिनी आणखी पुढं सरकल्या. "त्या साहेबाची सासू आपल्या भिशीत आहे."

मी हातातली ताटली कुंपणावर ठेवली. "कोण?"

"त्या हो, दर वेळी खोबऱ्याच्या वड्या आणतात आणि स्वतः एकही खात नाहीत."

झालं! त्या बाईंबरोबर मी सज्जनगडाची सहल केलेली. आता वहिनींनी पोतडी उघडली. जावई दोन वर्षांपूर्वी बदली होऊन इकडं आला. रोज रात्री साडेनऊला त्याला त्याच्या वरच्या साहेबाची व्हिडिओ मीटिंग असते. बेडरूमचं दार बंद, पोरांना सांगितलेलं, आवाज करायचा नाही. तरी दाराबाहेर ऐकू येतंच. आतून वरचा साहेब विचारत असतो, आज काय दिलं? आणि हा "सर, सर, उद्या सर" म्हणत असतो. ताट झाकून ठेवलेलं. साडेदहाला बाहेर येतो तो गार पोळी खातो आणि पित्ताची गोळी घेतो. मग अकराला ती लाल नावांची यादी टाकतो. भिशीत सासूबाई हे सगळं कौतुकानं सांगत होत्या. जावयाला किती काम असतं बघा म्हणून.

"मला तर ऐकून वाईटच वाटलं बाई," वहिनी म्हणाल्या.

वाईट मलाही वाटलं. पण वड्याचं तेल वांग्यावर काढायचा परवाना त्यातून मिळत नाही. त्याला कुणी रात्री उभं करतं म्हणून त्यानं सकाळी आपल्या पोरीला उभं करायचं, हे कुठलं न्यायाचं? मात्र एक गोष्ट कळली ती कामाची होती. हा दिवसभर चिडलेला नसतो. वर आकडा द्यायची वेळ जवळ आली की चिडतो. सूनबाईला पुन्हा बोलावून विचारलं, सगळ्यात जास्त कधी ओरडतो? ती म्हणाली, चारच्या आसपास. वरून पहिला फोन कधी येतो? सव्वाचार.

म्हटलं, मग तू साडेतीनला त्याला एक ओळ पाठवत जा. त्यानं विचारायच्या आधी. आज इतकं झालं, इतकं उद्यावर आहे, हे होणार नाही. आकडा शून्य असला तरी शून्य पाठव, फुगवू नको. फुगवलेला आकडा तो पुढं सांगणार, तो पडला की दोघांनाही खड्डा. "याला मस्का म्हणतात काकू," सूनबाई म्हणाली. मी म्हटलं, मस्क्याला लोणी लागतं. ही नुसती पोच आहे.

आणि वहिनींना मी बजावलं, अगदी हात धरून बजावलं, की भिशीत यातलं एक अक्षर काढायचं नाही. बँकेतलं बँकेत. सासूच्या कानावर गेलं की तिथून मुलीच्या, मुलीकडून जावयाच्या, आणि केबिनमध्ये पोचेल तेव्हा त्याचं काय झालं असेल ते देव जाणे. शिवाय त्या माऊलीनं विश्वासानं घरचं सांगितलं, ते तिच्यावरच उलटवायचं हे मला पटत नाही. वहिनींनी गळ्याची शपथ घेतली. कुणाच्या गळ्याची ते स्पष्ट केलं नाही.

मेल गेला. उत्तर आलं नाही. पण अकराच्या सुमाराला साहेबानं सूनबाईला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं नाही, आणि बऱ्यापैकी खालच्या आवाजात म्हणाला, "मेल कशाला करायचा? बोलायचं ना." मला हसू आवरेना. हिरवी शाई नव्हती एवढंच, बाकी माझी 'चर्चा करावी'च. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या मीटिंगमधून ते 'प्रोसेस' प्रकरण गेलं ते गेलंच. आकडे मागणं चालूच आहे, लाल यादीही येते. पोळ्यांचा उल्लेख पुन्हा झालेला नाही, पण माफी मागितली म्हणाल तर तीही नाही. मला वाटतं तशी ती येणारही नाही. माझ्या साहेबांनीही कुठं मागितली?

मग भिशी झाली. मी त्या वेळी पुण्याला होते, नातीच्या वाढदिवसाला. परत आले तर जास्वंदीवर पाण्याचा फवारा. म्हणजे बातमी किरकोळ असावी. पण वहिनींचा चेहरा काही वेगळंच सांगत होता.

"सांगितलंत ना तुम्ही?" मी विचारलं.

"नाही हो! सांगितलं नाही काही. एवढंच म्हटलं की आमची सूनबाईपण त्याच शाखेत असते."

"वहिनी!"

"ऐका तर. त्या म्हणाल्या, कोण, ती साडेतीनवाली का? जावई घरी तिचं नाव घेतात म्हणे. चारच्या फोनला तिचाच आकडा धड असतो, बाकीच्यांचे शोधावे लागतात."

"आणि?"

"आणि काय! 'पोरगी हुशार आहे हो,' म्हणाल्या, 'पण जावई म्हणत होते, मेल फार लिहिते.'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी कशाला काय म्हणू? खोबऱ्याची वडी उचलली आणि तोंडात टाकली."